चुकीच्या उत्तराची उपपत्ती

चूक उत्तर खोडून त्या जागी बरोबर उत्तर लिहिले म्हणजे शिकवणे पूर्ण झाले, अशी समजूत शाळेपासून विद्यापीठापर्यंत रूढ असली, तरी भारतीय शास्त्रपरंपरेने ती मानलेली दिसत नाही. मीमांसकांनी कोणत्याही प्रश्नाच्या विवेचनाची जी चौकट घालून दिली, तिच्यात विषय आणि संशय मांडल्यावर लगेच सिद्धान्त येत नाही. आधी पूर्वपक्ष येतो, म्हणजे जे मत पुढे खोडायचे आहे तेच त्याच्या युक्तिवादांसह शक्य तितक्या बळकटपणे मांडले जाते, आणि ते कोठे ढळते हे दाखवल्यानंतरच ग्रंथकार स्वतःच्या निर्णयाकडे वळतो. चुकीच्या मतालाही काही आधार असतो आणि तो काढून घेतल्याशिवाय ते मत सुटत नाही, ही जाण या रचनेमागे आहे.

या जाणिवेचा प्रत्यय देणारे एक प्रकरण वाशिमच्या इतिहासात आहे. वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम, ही वाकाटकांच्या एका स्वतंत्र शाखेची राजधानी होती हे आता पाठ्यपुस्तकी ज्ञान झाले आहे. परंतु १९३९ साली वाशिम येथे विंध्यशक्ती दुसरा याचा ताम्रपट उजेडात येईपर्यंत अशी शाखा होती याचीच अभ्यासकांना कल्पना नव्हती. नवलाची गोष्ट अशी की, या शाखेची जवळजवळ संपूर्ण वंशावळ अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यात, हरिषेण राजाचा मंत्री वराहदेव याने कोरवून घेतलेल्या शिलालेखात आधीपासूनच होती. भाऊ दाजी लाड, भगवानलाल इंद्रजी आणि जर्मन पंडित गेऑर्ग ब्यूलर अशा तोलामोलाच्या विद्वानांनी हा लेख अभ्यासला होता आणि ब्यूलरने १८८३ मध्ये त्याचे वाचनही प्रसिद्ध केले होते. मात्र लेखाची बरीच अक्षरे झिजून गेलेली, आणि वाचणाऱ्यांना वाकाटकांची एकच शाखा ठाऊक असलेली, त्यामुळे लेखातील राजे अमरावती जिल्ह्यातील चम्मकसारख्या ठिकाणच्या ताम्रपटांतून कळलेल्या त्या ज्ञात वंशाचेच असणार, असे गृहीत धरले गेले. मेळ पुरता बसत नव्हता, कारण देवसेन आणि हरिषेण ही नावे त्या ताम्रपटांत कोठेच येत नव्हती. पण गृहीतक पक्के असले की न बसणारी वस्तुस्थिती अपवाद म्हणून बाजूला ठेवली जाते.

वाशिमच्या ताम्रपटात वाकाटक राजा प्रवरसेन याचा मुलगा सर्वसेन आणि सर्वसेनाचा मुलगा विंध्यशक्ती असा क्रम स्पष्ट दिलेला आहे. महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी तो हाताशी ठेवून अजिंठ्याचा लेख नव्याने वाचला आणि १९४१ साली त्याची नवी आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा पूर्वी अंधुक वाटलेल्या अक्षरांतून सर्वसेन आणि विंध्यसेन (म्हणजे ताम्रपटातील विंध्यशक्ती) ही नावे उलगडली. या दुरुस्तीचे मोल केवळ दोन नावांपुरते नाही. जुने वाचन अडाणीपणामुळे चुकले नव्हते. उपलब्ध माहितीवरून ते सयुक्तिकच होते आणि त्याचा दोष एका न तपासलेल्या गृहीतकात होता, एवढे लक्षात आल्यावर इतर झिजलेले लेख वाचताना कोठे सावध राहावे हेही अभ्यासकाला कळते. नुसते शुद्ध वाचन हाती दिले असते, तर हे दुसरे ज्ञान मिळाले नसते.

प्राथमिक शाळेतील वजाबाकीलाही हेच लागू पडते. ५२ मधून २७ वजा करताना एखादी विद्यार्थिनी ३५ असे उत्तर लिहिते, तेव्हा ते उत्तर सहसा निष्काळजीपणातून येत नाही. एककाच्या घरात २ मधून ७ जात नाहीत म्हणून तिने ७ मधून २ वजा करून ५ मांडलेले असतात आणि दशकाच्या घरात ५ मधून २ वजा करून ३. म्हणजे ‘मोठ्यातून लहान वजा करावे’ हा पूर्वी शिकलेला नियम तिने प्रत्येक घराला वेगवेगळा लावलेला असतो. तीच विद्यार्थिनी ८५ वजा ४२ याचे उत्तर ४३ असे अचूक देते, कारण तेथे हातच्याची गरज नसल्याने चुकीचा नियमही योग्य उत्तरापर्यंत पोहोचवतो. ही बाब शिक्षकांच्या दृष्टीने अधिक धोक्याची आहे, कारण बरोबरची खूण त्या नियमाला बळ देते. जॉन सीली ब्राउन आणि रिचर्ड बर्टन या अमेरिकी संशोधकांनी १९७८ मध्ये दाखवून दिले की, वजाबाकीतील अनेक चुका अशाच नियमबद्ध असतात आणि नियम ओळखता आला की मूल पुढच्या उदाहरणात कोणती चूक करील हेही सांगता येते. वरील विद्यार्थिनी ६४ वजा ३८ याचे उत्तर ३४ देईल, असे भाकीत आधीच करून पाहावे.

काही चुका खुद्द भाषेच्या रचनेतून उद्भवतात. ‘सत्तावीस’ ऐकताना सात आधी आणि वीस नंतर कानावर पडतात, म्हणून ऐकलेल्या क्रमाने लिहिणारे मूल ७२ लिहिते. बालभारतीने २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ असे संख्यावाचन दिले, तेव्हा भाषा बिघडत असल्याची ओरड झाली आणि गणित समितीच्या प्रमुख डॉ. मंगला नारळीकर यांना त्याची कारणे पुनःपुन्हा समजावून सांगावी लागली. तो उपाय योग्य होता की नाही याविषयी मतभेद असू शकतात, परंतु मुलांच्या अडचणीचे निदान अचूक होते. वादाच्या गदारोळात नेमके तेच मागे पडले. वाशिम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील बंजारा तांड्यांवर घरी गोरबोली बोलणाऱ्या मुलांना तर हे संख्याशब्द शाळेच्या भाषेबरोबरच शिकावे लागतात, आणि तेथे लाल फुली निदानाचे काम करू शकत नाही.

चूक समजावून सांगत बसल्यास तीच मनात ठसेल, ही शंका रास्त आहे. तथापि ब्रॅडी बटरफिल्ड आणि जॅनेट मेटकाफ यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत याच्या उलट दिसणारी गोष्ट आढळली: ज्या चुकीच्या उत्तराबद्दल माणसाला पक्की खात्री होती, ते चुकीचे असल्याचे कळल्यावर बरोबर उत्तर अधिक चांगले लक्षात राहिले. अपेक्षाभंगामुळे अवधान वाढते, असे याचे एक स्पष्टीकरण दिले जाते. अट एवढीच की दुरुस्ती वेळेवर व्हावी.

चार पर्यायांच्या परीक्षांत ही दुरुस्ती सर्वांत सोपी असूनही सर्वांत कमी होते. शिष्यवृत्तीसारख्या परीक्षांच्या मार्गदर्शिकांत शेवटी छापलेली उत्तरसूची बहुधा फक्त पर्यायक्रमांक देते, मात्र कसलेला प्रश्नकर्ता चुकीचे तीन पर्याय सहजगत्या निवडत नाही. प्रत्येकामागे त्याने एखादी संभाव्य गफलत हेरलेली असते. ५२ वजा २७ या प्रश्नाखाली ३५ हा पर्याय हातचा न घेणाऱ्यासाठी, तर ७९ हा पर्याय चिन्ह न पाहता बेरीज करणाऱ्यासाठी असतो. प्रश्नकर्त्याला ठाऊक असलेली ही दोन वाक्ये सूचीत पर्यायक्रमांकाच्या शेजारी छापायला कागद थोडा जास्त लागेल, इतकेच.