आश्वासनाची नोंद आणि बंद दार

विठ्ठलवाडीहून लोकलने मुंबई गाठायची, तिथून नरिमन पॉइंट. आमदाराच्या शिफारशीचा पास असला, की तपासणीनंतर विधान भवनाच्या प्रेक्षक गॅलरीत बसायला मिळत असे. टाळ्या नाहीत, घोषणा नाहीत, नुसते ऐकायचे. १९८१ साली इंदिरा गांधींच्या हस्ते उद्घाटन झालेल्या या वास्तूत २८८ सदस्यांची विधानसभा आणि ७८ जणांची विधान परिषद भरते.

तिथे माझी नजर खिळली ती प्रतिवेदकांवर. अध्यक्षांच्या आसनापुढच्या टेबलाशी बसून एकजण काही मिनिटे लघुलिपीत टिपून घेतो आणि उठतो. दुसरा लगेच त्याच्या जागी बसतो. पहिला आपल्या खुणा उलगडून मजकूर तयार करायला जातो. चार आमदार एकदम बोलोत, कोणी मराठीतून हिंदीत शिरो, कोण काय म्हणाले ते वेगळे काढावेच लागते. रस्त्याचे, पाण्याचे आश्वासन मंत्र्यांनी सभागृहात दिले की ते असे कागदावर येते, आणि आश्वासन समिती पुढे त्यावरूनच खात्याला जाब विचारते. या कामाबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

काळजी आहे ती पुढची. सभागृहाचे कामकाज आता घरबसल्या थेट पाहता येते. पण सचिवांना समोर बसवून प्रश्न विचारणारी आश्वासन समिती, लोकलेखा समिती, अंदाज समिती यांच्या बैठका बंद दाराआड होतात. लोकांपर्यंत येतो तो अहवाल. लंडनच्या संसदेत निवड समित्या बहुतेक साक्षी उघडपणे घेतात, त्या दूरचित्रवाणीवरही दिसतात.

आपल्याकडे उलट दारे मिटत गेली. १३ डिसेंबर २०२३ रोजी लोकसभेत प्रेक्षक गॅलरीतून दोघांनी खाली उड्या मारल्या. १७ जुलै २०२५ रोजी विधान भवनाच्या लॉबीत दोन आमदारांचे समर्थक भिडले; त्यातले एक आमदार आपल्याच ठाणे जिल्ह्यातले. दुसऱ्या दिवशी अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी अधिवेशनकाळात सदस्य, त्यांचे अधिकृत स्वीय सहायक आणि सरकारी अधिकारी यांनाच प्रवेश राहील, असे जाहीर केले. मारामारी समर्थकांनी केली आणि दार सामान्य माणसाला बंद झाले.

सुरक्षा हवीच. पण कॅमेऱ्यामुळे सुरक्षेला धोका नसतो. विठ्ठलवाडीच्या मतदारांनी आमदाराकडे एवढे तरी मागावे: समित्यांपुढच्या साक्षी आम्हाला थेट पाहू द्या.