पगारावरील जप्ती आणि नादारी

गेल्या श्रावणात माझ्या वर्गातील एका मुलीच्या वडिलांच्या पगारावर जप्ती आली. कर्ज त्यांचे नव्हते. एका स्नेह्याच्या कर्जरोख्यावर जामीन म्हणून त्यांनी सही केली होती. मधल्या सुटीत ती भीत भीत म्हणाली, "सर, आता बाबांचा सगळाच पगार जाणार का?" तिला जे सांगितले तेच येथे थोडे विस्ताराने देत आहे.

धनकोला कोणाच्याही पगारावर परस्पर जप्ती आणता येत नाही. त्याने आधी दिवाणी न्यायालयात दावा लावावा, हुकूमनामा मिळवावा आणि मग बजावणीसाठी दरखास्त द्यावी. त्यानंतर न्यायालय पगार देणाऱ्या अधिकाऱ्यास ठरावीक रक्कम कापून पाठविण्याचा हुकूम करते. तो न पाळणारा मालक त्या रकमेस स्वतः जबाबदार ठरतो.

किती कापावे, हे १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ६० व्या कलमात आहे. पगारातील पहिले १००० रुपये आणि उरलेल्या रकमेचे दोन तृतीयांश यांना हात लावता येत नाही. पगार ३१,००० रुपये असेल, तर १००० वगळून राहिले ३०,०००. त्यांतील २०,००० सुरक्षित. म्हणजे जप्ती फार तर १०,००० ची, आणि घरी २१,००० येतात. (१००० चा हा आकडा २००२ पासूनचा आहे, महागाई पाहता तो आता तोकडाच म्हणावा लागेल.) एकाच हुकूमनाम्यापायी पगार एकूण २४ महिने जप्त राहिला, की त्या हुकूमनाम्यापुरता तो कायमचा मोकळा होतो. पत्नी-मुलांच्या पोटगीचा हुकूमनामा असेल तर मात्र कायदा कठोर होतो: तेथे केवळ एक तृतीयांश पगार वाचतो. मजुरांची व घरगड्यांची मजुरी, निवृत्तिवेतन आणि भविष्यनिर्वाह निधी यांवर तर अशी जप्ती येतच नाही.

याच कलमात अंगावरचे आवश्यक कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, शेतकऱ्याची अवजारे, गुरे व बियाणे आणि धर्माचारानुसार स्त्रीने उतरवू नये असा दागिना, हेही वगळले आहे. ही यादी करणाराने एखाद्या गरिबाच्या चुलीपाशी बसून पाहिले असावे, असे मला नेहमी वाटते.

आता नादारीचा विचार. धनको अनेक असले, की जो आधी न्यायालय गाठतो तो घेऊन जातो आणि मागचे रिकाम्या हाताने राहतात. ऋणकोची तर चारी बाजूंनी ओढाताण होते. मुंबई, कोलकाता व चेन्नई या शहरांसाठी १९०९ चा आणि अन्यत्र बहुतांशी १९२० चा नादारीचा कायदा आहे. (२०१६ च्या नव्या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग २०१९ च्या डिसेंबरपासून केवळ कंपन्यांच्या कर्जांना जामीन राहिलेल्यांपुरता अमलात आला.) १९२० च्या कायद्यान्वये न्यायालयाने नादार ठरविले, की ऋणकोची मालमत्ता न्यायालयाच्या किंवा रिसीव्हरच्या ताब्यात जाते, आणि न्यायालयाच्या परवानगीवाचून कोणा एका धनकोला स्वतंत्रपणे वसुली करता येत नाही. मिळकतीची वाटणी सर्वांत प्रमाणशीर होते. तारण घेतलेला धनको तेवढा आपल्या तारणावरील हक्क राखून असतो. ६० व्या कलमाने वाचविलेला पगाराचा भाग व चीजवस्तू नादारीतही घरच्याच राहतात. पुढे न्यायालयाने मुक्ततेचा हुकूम दिला, की जुनी देणी सामान्यतः सुटतात. सरकारचे देणे, फसवणुकीने केलेले कर्ज आणि पोटगी मात्र सुटत नाहीत.

आणि जामीन? १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, करारात वेगळे ठरले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोइतकीच असते. ऋणको नादार होऊन मुक्त झाला, तरी जामीनदार मुक्त होत नाही. त्याने भरलेले पैसे ऋणकोकडून मागण्याचा हक्क त्याला असतो, पण ऋणकोच नादार झालेला असला, तर इतर धनकोंबरोबर त्यालाही रांगेतच उभे राहावे लागते.

हे ऐकून त्या मुलीने वहीच्या शेवटच्या पानावर वडिलांच्या पगाराचे त्रैराशिक मांडले. उत्तर दोनदा तपासून ती म्हणाली, "म्हणजे माझी फी भरता येईल, सर."