हत्यार हाताजोगे हवे

श्रोतेहो, सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना फौज काही परकी नाही. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाला तर लोक 'अपशिंगे मिलिटरी' म्हणूनच ओळखतात. पहिल्या महायुद्धात या एका गावचे ४६ जवान कामी आले. सैनिक शाळांच्या मालिकेतली देशातली पहिली शाळा १९६१ साली निघाली, तीही साताऱ्यातच. तेव्हा जवानाच्या हाती काय दिले जाते, हा प्रश्न आपल्याकडे घरचाच आहे.

पूर्वी हाती बंदूक असे. आज बंदुकीच्या जोडीला पडदेही आले. कुठला पडदा नकाशा दाखवतो, कुठला तोफेच्या माऱ्याचे गणित मांडतो. आपल्या तोफखान्यात हे काम 'शक्ती' नावाची संगणकीय यंत्रणा करते. २०२५ च्या मे महिन्यात 'आकाशतीर' हे नाव आपण ऐकले. अनेक रडारांनी टिपलेली आकाशातली हालचाल ती यंत्रणा एकाच चित्रात आणते.

आता कोणी म्हणेल, "यंत्र अवघड असलं तर असू द्या. जवान शिकेल की!" शिकेल, यात शंका नाही. पण यंत्र शिकताना तो वर्गात बसलेला असतो आणि वापरताना तसा नसतो. तेव्हा रात्र असते, झोप झालेली नसते. सियाचीनसारख्या ठिकाणी हातात जाड मोजे असतात. बोटे बधिर झालेली असतात. माणूस त्या वेळी कसा वागतो, हे ओळखून यंत्र घडवायला हवे.

हे शहाणपण जगाला फार मोल देऊन मिळाले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या बी-१७ या बाँबफेकी विमानांत एक विचित्र प्रकार वारंवार घडे. विमान सुखरूप उतरे आणि मग वैमानिक पंखांच्या झडपा मिटवायच्या ऐवजी चाकेच मिटवी. विमान पोटावर बसे. आधी सारे खापर वैमानिकावर फुटले. अल्फोन्स शापॅनिस या मानसशास्त्रज्ञाने मात्र वैमानिकाची जागा नीट पाहिली. दोन्ही कळा शेजारी शेजारी आणि अगदी एकसारख्या! त्याने एका कळीला छोटे रबरी चाक बसवले आणि दुसरीला पाचरीसारखा तुकडा. अंधारातही बोटांना फरक कळू लागला. चाकांची कळ चाकाच्या आकाराची ठेवण्याची ती रीत आजच्या विमानांतही चालू आहे. पुढे १९४७ साली फिट्स आणि जोन्स या दोघांनी 'वैमानिकाची चूक' म्हणून नोंदलेले ४६० प्रसंग तपासले आणि यंत्राची मांडणीच माणसाला चुकायला लावते, हे दाखवून दिले.

मग संगणक आल्यावर हा प्रश्न सुटला का? नाही, त्याने रूप बदलले. कळ निदान हाताला लागते. पडदा सगळीकडे सारखाच गुळगुळीत. २१ ऑगस्ट २०१७ च्या पहाटे सिंगापूरजवळ अमेरिकेची 'जॉन एस. मॅकेन' ही युद्धनौका एका तेलवाहू जहाजावर आदळली आणि दहा खलाशी मरण पावले. नौकेचे सुकाणू आणि वेग बोटाने दाबायच्या पडद्यावरून चालत. वेगाचा ताबा शेजारच्या पडद्याकडे देताना सुकाणूचाही ताबा तिकडे गेला, आणि सुकाणूवरच्या खलाशाला वाटले की सुकाणूच निकामी झाले. वेग कमी करायला गेले, तर दोनपैकी एकाच बाजूचा कमी झाला आणि नौका आणखी वळली. शिक्षण अपुरे होते, हेही चौकशीत निघाले; पण पडद्याची मांडणीही दोषी ठरली. २०१९ मध्ये तिथल्या नौदलाने अशा नौकांवर वेगासाठी पुन्हा हाताने ढकलायचे दांडे बसवण्याचे ठरवले.

त्याहून लहान गोष्ट पाहा. ५ डिसेंबर २००१ रोजी अफगाणिस्तानात अमेरिकेच्या विमानातला बाँब त्यांच्याच तुकडीवर पडला. तीन अमेरिकन सैनिक आणि त्यांचे काही अफगाण साथीदार ठार झाले. नंतर छापून आलेल्या वृत्तान्तानुसार, ठावठिकाणा सांगणाऱ्या यंत्राची बॅटरी मध्येच बदलली होती. यंत्र पुन्हा सुरू झाले तेव्हा त्यावर शत्रूची नव्हे, आपलीच जागा उमटली होती. आणि तीच विमानाला कळवली गेली. यंत्र बिघडले नव्हते. ते बनवणाऱ्यांनी ठरवल्याप्रमाणेच चालले. पण धांदलीत बॅटरी बदलणारा माणूस काय समजेल, हा विचार राहून गेला.

मग करायचे काय? आपला गावचा सुतार जे करतो तेच. तो नांगरणाऱ्याची उंची पाहून रुमणे बसवतो, बैल पाहून जू बेततो आणि शेतात चालवून पाहिल्यावर पुन्हा तासतो. शास्त्रज्ञांच्या चार पायऱ्याही अशाच: वापरणारा कुठे आणि कसा काम करतो ते पाहणे, त्याची गरज लिहून काढणे, नमुना करणे आणि तो त्याच्याच हाती देऊन तपासणे. खोट दिसली की पुन्हा पहिल्यापासून.

ही गोष्ट सीमेवरच राहते असे नाही. माजी सैनिकांचे निवृत्तिवेतन आता 'स्पर्श' या संगणकीय व्यवस्थेतून येते. हयातीचा दाखला संगणकावर देताना बोटांचे ठसे लागत. पण शेतात राबलेल्या म्हाताऱ्या हातांवरच्या रेषाच झिजलेल्या असतात. २०२१ पासून चेहरा दाखवून दाखला देण्याची सोय झाली, ती अशांच्या उपयोगी पडते. इथे माणसाने यंत्रापुढे हात टेकायचे नाहीत. यंत्रानेच माणसाची ओळख धरायची.

शिक्षकबंधुभगिनींनो, वर्गात एक प्रयोग करून पाहा. कोणतेही नवे साधन ज्याने कधी वापरले नाही अशा मुलाच्या हाती द्या. काही सांगू नका, हसू नका. तो कुठे अडतो ते बाकीच्यांना वहीत लिहू द्या. पाच मुले एकाच जागी अडली, तर दोष मुलांचा की साधनाचा, हे वर्गालाच विचारा. त्यातलीच काही मुले उद्या फौजेत जातील आणि काही अशी साधने घडवतील. घडवणाऱ्याने वापरणाऱ्याला आधी विचारले, तर कित्येक घरांवरचे संकट टळेल.