ऊती घडवायला हवेत कोल्हापूरचे हात

रुग्णाच्या रक्तातल्या पेशी बाहेर काढायच्या, त्यांच्यात बदल करून त्या वाढवायच्या आणि त्याच रुग्णाला परत द्यायच्या. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या संशोधनातून साकारलेली, कर्करोगावरची 'नेक्सकार१९' उपचारपद्धती अशीच तयार होते. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला देशात मंजुरी मिळाली. जिवंत पेशींपासून उपचार आणि त्वचा, कूर्चा अशा ऊती घडवणारा हा उद्योग आता आकार घेतो आहे. त्याला शास्त्रज्ञ हवेतच. पण रोजचं उत्पादन चालतं ते तंत्रज्ञांच्या हातांवर.

हे काम जवळून पाहण्यासारखं आहे. इनक्युबेटरमध्ये ३७ अंश तापमान आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड सांभाळायचा. पेशी हाताळायच्या निर्जंतुक कॅबिनेटमध्ये जाणारी प्रत्येक बाटली ७० टक्के अल्कोहोलने पुसायची. पेशी वाढतात तो द्रव लालसर असतो. त्यांनी आम्ल सोडलं की पिवळट होतो. रातोरात पिवळा आणि गढूळ झाला, तर बहुधा जिवाणू शिरले म्हणून समजायचं. मग ती बॅच टाकून द्यावी लागते. कोणी, कधी, कोणत्या बाटलीतून काय घातलं, याची नोंद त्याच वेळी करायची. ही नजर आणि शिस्त नुसत्या पुस्तकातून येत नाही.

कोल्हापुरात यासाठी लागणारं बरंच काही आहे. डी. वाय. पाटील अभिमत विद्यापीठात मूलपेशींवर शिक्षण आणि संशोधन चालतं. शिवाजी विद्यापीठात सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र, जैवतंत्रज्ञान आहे. केआयटी महाविद्यालयात बायोटेक्नॉलॉजीचं अभियांत्रिकी शिक्षण मिळतं. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत किण्वनाची जाण आहे, दूध संघांना निर्जंतुकतेची सवय. ऊतींचा थर चढवणाऱ्या बायोप्रिंटरला लागतात बारीक सिरिंज, मोटर आणि अचूक सरकणारे भाग. असं अचूक काम उद्यमनगर, शिरोली या औद्योगिक वसाहतींतल्या कारागिरांना नवं नाही.

कमी आहे ती या सगळ्यांना जोडणाऱ्या वाटेची. आयटीआयच्या मुलाला स्वच्छ कक्षातली यंत्रं सांभाळायला शिकवता येईल. बी.एस्सी.च्या मुलीला शेवटच्या वर्षी पगारी उमेदवारी देता येईल. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने एका वर्षानंतर प्रमाणपत्र, दोन वर्षांनंतर पदविका घेऊन बाहेर पडायची आणि पुन्हा परतायची मुभा दिली आहे. तिचा खरा उपयोग इथे आहे: नोकरी करता करता वर चढता आलं पाहिजे.

अमेरिकेतल्या मँचेस्टर या जुन्या कापडगिरण्यांच्या शहरात २०१६ साली ऊती-निर्मितीची राष्ट्रीय संस्था मंजूर झाली. तिने संशोधनाबरोबर मनुष्यबळ घडवणंही आपलंच काम मानलं. आपल्याकडे ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने 'बायोई३' धोरण मंजूर केलं. त्यात जैवउत्पादन केंद्रांसोबत कुशल मनुष्यबळाचाही विचार आहे. राजर्षी शाहूंनी १९०६ साली कोल्हापुरात शाहू मिल या कापडगिरणीचा पाया घातला, तो उद्योग आपणहून चालत येईल याची वाट न पाहता. विद्यापीठं, आयटीआय आणि उद्योजक संघटनांनी आता एकत्र बसून पहिला समाईक अभ्यासक्रम आखावा. कारखाना आल्यावर शिकवायला घेतलं, तर नोकऱ्या दुसऱ्या शहरातली मुलं घेऊन जातील.