पाटी आणि वही : टॅब्लेटनें लॅपटॉपचें काम भागेल काय ?

जुन्या पेठेंतील दुकानदाराजवळ लिहिण्याचीं साधनें दोन असत. पाटी आणि वही. हिशेब पाटीवर मांडला जाई, तोंडानें पडताळला जाई, आणि रोजकीर्दींत उतरला कीं पाटी पुसली जाई. पाटीला कोणी हीन लेखीत नसे. पण पाटीवरचा आंकडा म्हणजे झालेला व्यवहार नव्हे, एवढें दुकानांतील पोरालाही ठाऊक असे.

आज जून महिना उजाडला कीं नाशकांतील कित्येक सुशिक्षित घरांत जो वाद सुरू होतो, त्याच्या मुळाशीं हाच भेद आहे. मुलगी चित्रकला शिकावयास जाणार. वडिलांना दुकानाचे हिशेब रात्रीं घरीं पाहावयाचे. आईला मासिकासाठीं लेख लिहावयाचे. आणि घरखर्चांतून निघणाऱ्या पैशांत बसतें एकच यंत्र. टॅब्लेट घ्यावा कीं लॅपटॉप ? निवड चुकली तर ती चूक तीन-चार वर्षें सर्वांनाच निस्तरावी लागते.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. टॅब्लेट हा दुबळा संगणक, म्हणून त्यावर मोठीं कामें होत नाहींत, असें अनेकांना वाटतें. एके काळीं तें खरें होतें. परंतु ॲपल कंपनीनें २०२० च्या नोव्हेंबरांत एम-१ नांवाची जी चिप आपल्या लॅपटॉपांत घातली, तीच पुढल्या वर्षीं आयपॅड प्रो या टॅब्लेटांत बसविली. तेव्हां उंची टॅब्लेटपुरता तरी बळाचा प्रश्न उरला नाहीं. फरक आहे तो आंतील व्यवस्थेंत. बहुतेक टॅब्लेट मोबाइल फोनाच्या वंशांतले. फोनाच्या घरांत प्रत्येक ॲप आपापल्या खोलींत राहतें, आपल्या फाईली आपल्याजवळ ठेवतें, आणि शेजाऱ्याला कांहीं द्यावयाचें तर उंबऱ्यांत उभें राहून देतें. लॅपटॉपांत कोठार सर्वांचें एक असतें. कोणत्याही प्रोग्रॅमनें तेथून फाईल उचलावी, बदलावी व परत ठेवावी. सप्टेंबर २०२५ मध्यें आलेल्या आयपॅडच्या नव्या प्रणालींत अनेक खिडक्या एकमेकींवर मांडण्याची सोय झाली, म्हणजे तें घराणें हळूहळू लॅपटॉपाकडे सरकत आहे. उलट २०१३ सालीं निघालेल्या सरफेस प्रोसारखीं यंत्रें दिसावयास टॅब्लेट, पण आंतून सर्वस्वीं विंडोजचीं; त्यांची गणना लॅपटॉपांतच करणें योग्य.

या प्रश्नाची एक मोठी परीक्षा आपल्या देशांत होऊन गेली आहे, आणि तींत महाराष्ट्राचा वांटा होता. ५ ऑक्टोबर २०११ रोजीं दिल्लींत केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांच्या हस्तें 'आकाश' नांवाचा स्वस्त टॅब्लेट प्रसिद्ध झाला. सात इंचांचा पडदा, २५६ मेगाबाइट स्मृति, आणि सरकारला पडणारी किंमत सुमारें सव्वादोन हजार रुपये. पडदा असा कीं बोट नुसतें टेकून भागत नसे, दाबावें लागे. पुढें पवईच्या आयआयटींत प्राध्यापक दीपक फाटक यांच्या नेतृत्वाखालीं या कामास नवें वळण मिळालें, आणि सुधारलेला 'आकाश-२' ११ नोव्हेंबर २०१२ रोजीं राष्ट्रपति प्रणव मुखर्जी यांच्या हस्तें बाहेर पडला. पवईच्या मंडळींची दृष्टि मार्मिक होती. विद्यार्थ्यानें टॅब्लेटवर केवळ पाहावें व वाचावें इतकें त्यांना पुरेसें वाटेना. सी, पायथन यांसारख्या भाषांत त्यानें लहान प्रोग्रॅम स्वतः लिहून चालवून पाहावे, अशी सोय त्यांनीं केली. पण सात इंचांच्या पडद्याचा मोठा भाग कळफलकानेंच व्यापला, तर लिहिलेलें दिसावें कोठें ? पुढें ती योजना मावळली. त्याच २०११ सालीं तामिळनाडू सरकारनें मात्र विद्यार्थ्यांना लॅपटॉप वांटण्यास आरंभ केला होता. असें असलें तरी टॅब्लेट शिक्षणास निरुपयोगी ठरला असें नव्हे. नागपूरच्या 'महाज्योती' संस्थेनें प्रवेशपरीक्षांची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्यांना टॅब्लेट दिले, तेव्हां काम होतें व्याख्यानें ऐकण्याचें व प्रश्नसंच सोडविण्याचें. त्या कामाला तो बेताचा बसतो. नाशकांतच १९८९ पासून असलेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचा नोकरी सांभाळून शिकणारा विद्यार्थीही बसच्या प्रवासांत पाठ वाचूं शकतो. लॅपटॉप तेथें उघडावयास जागा नसते.

आतां घरांतल्या मुलीकडे वळावें. चित्रकलेंत टॅब्लेटचा जय जवळजवळ निर्विवाद आहे. गोदाघाट हा नाशकांतील चित्रकारांचा नेहमींचा विषय. रामकुंडाच्या पायऱ्यांवर सकाळीं जें ऊन पडतें, तें पाहतां पाहतां पालटतें. तेवढ्या वेळांत मांडीवरील टॅब्लेटवर रेखाटन होऊं शकतें. लेखणीवर दाब वाढवावा तसा फटकारा जाड होतो, तळवा काचेवर टेकला तरी डाग पडत नाहीं, आणि देवळाचें शिखर चुकलें तर खालचा घाट न बिघडवितां तेवढेंच पुसतां येतें, कारण प्रत्येक भाग वेगळ्या थरावर काढलेला असतो. २०११ सालीं आलेल्या प्रोक्रिएटसारख्या साधनांनीं हें सर्व हातांत आणून दिलें. लॅपटॉपावर हेंच करावयाचें तर निराळी रेखाटनपाटी जोडावी लागते; हात एकीकडे फिरतो, डोळे दुसरीकडे लागतात, आणि ती संवय जडण्यास पुष्कळ दिवस जातात. टॅब्लेटच्याही दोन अडचणी आहेत. भर उन्हांत काच चमकते व चित्र दिसेनासें होतें. दुसरी अडचण छपाईची. पडद्यावरचे रंग प्रकाशाचे, कागदावरचे शाईचे. पडद्यावर झळाळणारें आकाश छापून आल्यावर मंदावलेलें पाहून पुष्कळांचा हिरमोड होतो. ओल्या कागदावर रंग आपण होऊन पसरतो तो आनंद काचेवर नाहीं हें खरेंच, पण तो दोष लॅपटॉपाच्या पारड्यांत टाकून उपयोग नाहीं. त्याच्यापाशीं तर तो मुळींच नाहीं.

लेखनाची गोष्ट वेगळी, आणि मराठी लेखनाची त्याहून वेगळी. भारत सरकारनें १९८६ सालीं इनस्क्रिप्ट हा कळफलक ठरविला. त्यांत स्वर व मात्रा डाव्या हाताला, व्यंजनें उजव्या हाताला; एकदां बोटें बसलीं कीं खालीं पाहावें लागत नाहीं. हें कसब काचेवर वायां जातें, कारण काचेवर कळेची कड बोटाला लागत नाहीं. जोडाक्षर आलें कीं नजर प्रत्येक वेळीं खालीं उतरते. बाहेरून कळफलक जोडावा, हा त्यावरचा सरळ उपाय. तो नवा नाहीं. ॲलन के या अमेरिकन संशोधकानें १९७२ सालीं मुलांसाठीं पाटीएवढा संगणक कल्पिला, तेव्हां त्याच्या चित्रांत पडद्याखालीं कळा होत्याच; आणि जानेवारी २०१० मध्यें पहिला आयपॅड दाखविला गेला, तेव्हां त्याचा कळफलकही बरोबर दाखविला होता. पण टॅब्लेट, कळफलक व लेखणी यांची बेरीज करून पाहिली म्हणजे ती बहुधा साध्या लॅपटॉपाच्या किंमतीच्या वर जाते. बोलून लिहिण्याची सोय २०१७ पासून मराठींत झाली आहे. पहिल्या खरड्याला ती बरी. ऱ्हस्व-दीर्घ व विरामचिन्हें मागाहून हातानेंच सुधारावीं लागतात.

खरी अडचण पुढेंच आहे. मराठी छापखान्यांचें पुष्कळ काम श्रीलिपीसारख्या विंडोजवरील साधनांवर वाढलें. त्यांतील जुन्या फॉन्टांचे संकेत युनिकोडहून भिन्न. तशी फाईल टॅब्लेटवर उघडली कीं लेखाच्या जागीं रोमन अक्षरांची व चिन्हांची खिचडी दिसते. पानें जुळविण्याचें इनडिझाइन टॅब्लेटवर मिळत नाहीं. म्हणजे आईनें लेख टॅब्लेटवर लिहून युनिकोडांत धाडला तर हरकत नाहीं. पण संपादकाकडून आलेलें जुन्या फॉन्टांतील मुद्रित तपासावयाचें तर लॅपटॉप हवा. वडिलांचा प्रश्न दोन वाक्यांत सुटतो. टॅली ही हिशेबाची प्रणाली विंडोजसाठीं आहे, आणि एक्सेलमध्यें जे मॅक्रो लिहून ठेवलेले असतात ते टॅब्लेटवरील एक्सेलांत चालत नाहींत.

यावरून त्या कुटुंबाचा निर्णय असा निघतो कीं घरांत एकच यंत्र यावयाचें असेल तर तें लॅपटॉप असावें, आणि मुलीनें पहिलें वर्ष कागदावरच काढावें. कलाशाळेंत तें तसेंही करावेंच लागतें. घरांत जुना पण चालता संगणक असेल तर निर्णय उलटा. मग नवा पैसा टॅब्लेट व चांगली लेखणी यांवर घालावा. सरफेस प्रोच्या जातीचें यंत्र दोघांचीही सोय करतें, परंतु तें स्वस्त नाहीं, व मांडीवर घेऊन लिहितांना त्याची पाठ टेकावयाला जागा शोधावी लागते.

महात्मा गांधी रस्त्यावरील दुकानांत गेल्यावर विक्रेता चलच्चित्र लावून दाखवितो आणि पडद्याची झळाळी वर्णितो. त्याऐवजीं घरच्या कामांतील तीन फाईली पेन-ड्राइव्हवर बरोबर न्याव्या : एक हिशेबाची, एक जुन्या फॉन्टांतील लेखाची, एक चित्राची. त्या टॅब्लेटवर उघडाव्या, प्रत्येकींत थोडा बदल करावा, आणि आपल्याच घरच्या पत्त्यावर ई-मेलनें पाठवाव्या. यास अर्धा तास लागतो. विक्रेता थोडा कुरकुरेल.