लंडनात बिऱ्हाड कोठे करावे?

नोकरीसाठी विलायतेस निघालेली मुले-मुली निरोप घेण्यास म्हणून आमच्या युनियनच्या कचेरीत येतात आणि उठता उठता विचारतात, "काका, तिकडं राहायचं कुठं?" त्यांच्या आजोबांना मुंबईस उतरताना हा प्रश्न पडला नव्हता. गाववाल्यांची खोली ठरलेली, खानावळ ठरलेली, आणि गिरणीचा भोंगा ऐकू येईल एवढ्याच अंतरावर पथारी. आजची परिचारिका किंवा संगणकावर काम करणारा तरुण सुमारे ७,२०० किलोमीटरवर जाऊन उतरतो, आणि तेथे त्याच्यासाठी ठरलेले असे काहीच नसते. म्हणून या प्रश्नाची फोड थोडी तपशिलाने करावी, असे आम्हांस वाटले.

आमचे म्हणणे प्रथमच सांगून टाकतो. वस्ती हा पगाराचाच एक भाग आहे. नेमणुकीच्या कागदावर पगाराचा आकडा असतो. पण त्यातून भाडे, प्रवास, कर आणि घर उबदार ठेवण्याचा खर्च वजा जाऊन जे उरते, तोच खरा पगार. आणि या चारही गोष्टी आपण कोठे राहतो यावर ठरतात.

लंडन हे एक शहर म्हणण्यापेक्षा अनेक गावांची मोट आहे. तेथे ३२ बरो आणि जुने 'सिटी' मिळून ३३ स्थानिक कारभार चालतात. प्रत्येकाचा घरपट्टीसारखा कौन्सिल टॅक्स वेगळा, आणि तो सामान्यतः घरात राहणाऱ्या भाडेकरूसच भरावा लागतो. घरांच्या आठ प्रती आहेत आणि त्या अजूनही १९९१ सालच्या किमतींवर ठरतात. एकाच प्रतीच्या घराला एका बरोत कमी आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बरोत जास्त कर पडतो. घरात एकच प्रौढ माणूस असेल तर २५ टक्के सूट मिळते. पण ती मागावी लागते.

पश्चिम लंडन श्रीमंत आणि पूर्व लंडन गरीब, असे पूर्वापार म्हणतात. गोदी व कारखाने पूर्वेला होते, आणि वारा बहुधा नैर्ऋत्येकडून वाहत असल्याने गिरण्यांचा धूर पूर्वेच्या माथी जाई. परंतु चार्ल्स बूथ या गृहस्थाने १८८९ साली लंडनचा जो दारिद्र्याचा नकाशा छापला, त्यात प्रत्येक गल्लीला तेथील लोकांच्या मिळकतीप्रमाणे रंग दिला. तो पाहिला की कळते, सुखवस्तू हमरस्त्याच्या पाठीमागेच काळ्या-निळ्या रंगाची दरिद्री गल्ली आहे. हा धडा आजही खरा आहे. नुसत्या भागाच्या नावावर जाऊ नये. गल्ली पाहावी, आणि गल्लीतले घर पाहावे.

आता प्रवास. भुयारी रेल्वेसाठी लंडन शहर मध्यापासून बाहेरपर्यंत वर्तुळाकार विभागांत वाटलेले आहे. जितके विभाग ओलांडाल तितके भाडे अधिक, आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी आणखी अधिक. बसला मात्र अंतर कितीही असो, एकच भाडे. आणि तासाभरात दुसरी बस धरली तर तिचे वेगळे भाडे नाही. स्वस्त भाड्याच्या मोहाने लांब गेलेल्याने एक हिशेब जरूर करावा. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. म्हणजे दिवसाचे अडीच तास. आठवड्याचे पाच दिवस आणि वर्षाचे ४६ आठवडे धरले तर ५७५ तास झाले. आठ तासांची एक पाळी, या हिशेबाने वर्षाच्या सुमारे ७२ पाळ्या बिनपगारी! आठ तासांच्या दिवसासाठी आमच्या पूर्वजांनी लाठ्या खाल्ल्या. तो दिवस आपण होऊन साडेदहा तासांचा करून घेण्यापूर्वी माणसाने दोनदा विचार करावा.

रातपाळीवाल्यांनी तर अधिकच. भुयारी गाड्या रात्रभर धावू लागल्या त्या २०१६ पासून, त्याही काही मार्गांवर आणि शुक्रवार-शनिवारच्या रात्रीच. एरवी पहाटे तीन वाजता रुग्णालयातून सुटणाऱ्या मुलीला आधार रात्रीच्या बसचा. तेव्हा तिने घर पाहताना स्टेशन किती जवळ हे न विचारता, रात्रीची बस कोणत्या कोपऱ्यावर थांबते आणि तेथून दारापर्यंत दिवे आहेत का, हे पाहावे.

"आपली माणसं कुठं राहतात?" हा पुढचा प्रश्न. साउथहॉल पंजाब्यांचे, वेम्बली-हॅरो गुजरात्यांचे, ईस्ट हॅमकडे तमिळ व मल्याळी. हीथ्रो विमानतळाजवळचे हाउन्स्लो आणि लंडनच्या हद्दीबाहेरचे स्लाऊ येथेही भारतीय वस्ती मोठी. २०२२ साली सुरू झालेली एलिझाबेथ लाइन साउथहॉल आणि स्लाऊ या दोहोंवरून जाते, त्यामुळे ही गावे मध्य शहराच्या जवळ आली. मराठी माणसांची अशी एक पेठ नाही. पण १९३२ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र मंडळाची वास्तू डॉलिस हिल भागात आहे. आपल्या माणसांत राहिल्याने पहिल्या हिवाळ्यात जीव रमतो, ज्वारीचे पीठ मिळते, आजारपणात कोणी डबा आणून देते. याचे मोल आम्ही कमी मानत नाही. परंतु त्याच ओळखीच्या भरवशावर एका घरात आठ-आठ जण कोंबणारा घरमालकही पुष्कळदा आपलाच असतो. इंग्लंडात निरनिराळ्या कुटुंबांतील पाच किंवा अधिक माणसे स्वयंपाकघर वा न्हाणीघर सामाईक वापरीत असतील तर त्या घराला कौन्सिलचा परवाना लागतो. परवानाधारकांची यादी कौन्सिलकडे पाहावयास मिळते. ती पाहण्यात भिडेचे कारण नाही.

सगळ्यांत नाजूक गोष्ट म्हणजे मालकाने दिलेले घर. आमच्या एका सभासदाची मुलगी परिचारिकांच्या कामावर जाणार होती. "राहण्याची सोय आमची," असे मालकाने लिहिले, तेव्हा घरात पेढे वाटले. आम्ही विचारले, "पगारातून किती कापणार? आणि नोकरी सुटली तर खोली किती दिवसांत सोडायची?" उत्तर कोणालाच ठाऊक नव्हते. तिकडे कामाचा व्हिसा मालकाच्या पुरस्कारावर मिळतो, आणि पुरस्कार संपला की साधारणपणे ६० दिवसांत दुसरा मालक शोधावा लागतो, नाहीतर परतावे लागते. नोकरी, परवाना आणि छप्पर ही तिन्ही एकाच माणसाच्या मुठीत गेली, तर कामगार तक्रारीसाठी तोंड उघडील कसा? म्हणून पहिले काही आठवडे मालकाची खोली घ्यावी, पण अटी लेखी मागाव्यात आणि लवकरात लवकर आपले बिऱ्हाड वेगळे करावे. त्या मुलीने तसेच केले.

कायदा भाडेकरूच्या बाजूने बराच आहे, तो ठाऊक हवा. २०१९ च्या कायद्याने साधारण घराची अनामत पाच आठवड्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही, आणि ती ३० दिवसांच्या आत सरकारमान्य योजनेत सुरक्षित ठेवावी लागते. २०२५ च्या भाडेकरू-हक्क कायद्याने कारण न देता घर खाली करविण्याची पद्धत मोडीत काढली, आणि एका महिन्याहून जास्त आगाऊ भाडे मागण्यास बंदी केली. या तरतुदींच्या अंमलाचा दिवस ठरला १ मे २०२६. कामगार दिनीच हा मुहूर्त लागावा, याचे आम्हांस समाधान वाटते.

तेव्हा आमचा सल्ला असा. येथे बसून, चित्रे पाहून वर्षाचे घर ठरवू नये, आणि घर डोळ्यांनी पाहिल्यावाचून कोणास पैसा पाठवू नये. महिनाभर तात्पुरते राहावे. मनात भरलेली गल्ली एकदा सकाळी कामाच्या वेळी, एकदा रात्री आणि एकदा रविवारी चालून पाहावी. भिंतींना ओल आहे का, हे हाताने चाचपावे. घराच्या ऊर्जेचा दाखला मागावा. वाईट प्रतीचे घर भाड्यात स्वस्त पण उबेत महाग पडते. मुले असतील तर शाळा आधी पाहावी, कारण सरकारी शाळेतील प्रवेश बहुधा घराच्या अंतरावर ठरतो.

शेवटी शेजाराविषयी. त्याच डॉलिस हिल स्टेशनाजवळ ग्रनविक नावाचा फोटो धुण्याचा कारखाना होता. १९७६ साली तेथील कामगारांनी, बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती स्त्रियांनी, जयाबेन देसाई यांच्या पुढारपणाखाली संप पुकारला. तेव्हा शेजारच्या क्रिकलवुडच्या टपाल कामगारांनी त्या कारखान्याची टपाल हलविण्याचे नाकारले. ते टपालवाले जातीचे नव्हते, भाषेचे नव्हते. एका भागात काम करीत होते, एवढेच. १९७८ साली संप हरला, पण तो शेजार इतिहासात राहिला.

आपली माणसे जवळ असावीत, हे खरेच. पण आपली माणसे कोणती, हे तेथे गेल्यावर नव्याने शिकावे लागते. ज्या गल्लीत ते शिकता येईल, तेथे बिऱ्हाड करावे.