पाठीत रॉड असताना बाळंतपण

वाकडा कणा सरळ करण्यासाठी लहानपणी शस्त्रक्रिया झालेल्या मुलीचं लग्न ठरलं की घरात पहिला प्रश्न येतो: हिला मूल होईल ना? मणके जोडण्याच्या शस्त्रक्रियेमुळे गर्भ राहण्यात अडथळा येत नाही, आणि पाठीत रॉड आहेत एवढ्याच कारणानं सिझेरियन करावं लागत नाही. पोट वाढेल तशी कंबर मात्र जास्त दुखू शकते, कारण जोडलेला भाग वाकत नाही आणि ताण खालच्या मोकळ्या मणक्यांवर येतो.

खरा विचार करावा लागतो तो भुलीचा. पाठीतली सुई बहुतेकदा कमरेच्या तिसऱ्या-चौथ्या मणक्यांमधल्या फटीतून देतात. जोड वरच, छातीच्या मणक्यांपाशी थांबला असेल तर ही फट मोकळी असते. तो खालपर्यंत उतरला असेल तर तिथं हाड भरलेलं असतं. सुई शिरणं अवघड होतं आणि औषध सारखं पसरेलच असं नाही. अशा वेळी कळा सुसह्य करण्याचे दुसरे उपाय, किंवा सिझेरियन लागलंच तर पूर्ण भूल, हे आधीच ठरवलेलं बरं.

म्हणून सातव्या महिन्यातच भूलतज्ज्ञांना भेटा. शस्त्रक्रियेचे कागद आणि जुने एक्स-रे सोबत न्या. ती फाईल दवाखान्याच्या पिशवीत सगळ्यात वर ठेवा.